ठेवू का, काका?

नलावड्यांनी पहिल्यांदा फोन ठेवला, तेव्हा आमच्या बैठकीच्या खोलीतली खिडकी त्यांच्याकडे गेली.

आवाज काही झाला नाही. मी मोबाइल कानावरून काढला, मान वर केली, तर खिडकीच्या जागी भिंत होती. तिला आजूबाजूच्या भिंतीसारखाच पिवळट रंग होता. कोपऱ्यातली ओलही पुढे सलग पसरत गेली होती, जणू मध्ये खिडकीचा अडथळा तिला कधी आलाच नव्हता. मी चष्मा पुसला. वस्तू माझ्या हातून हरवतात, त्यामुळे पहिला संशय मला स्वतःचाच येतो.

"सिंधू," मी बायकोला हाक मारली, "इथे खिडकी होती ना गं?"

ती भिंत धरत धरत स्वयंपाकघरातून आली. तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत.

"होती तर. सकाळी मीच पडदा सारला. काय केलंत?"

"काही नाही. त्या गाडीसाठी फोन केला होता."

"मग?"

"बोलणं झालं. ते म्हणाले, ठेवू का? मी म्हणालो, ठेवा."

"तेव्हा कुठे बघत होतात?"

मी खिडकीबाहेर बघत होतो. अनोळखी माणसाशी बोलताना मला डोळे कुठेतरी लांब नेऊन ठेवावे लागतात, नाहीतर शब्द सुचत नाहीत.

"ठेवली त्यांनी," सिंधू म्हणाली. तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि ती आत गेली.

गाडी सिंधूसाठीच घ्यायची होती. रिक्षात तिला पाय वर घेता येत नाही, बसच्या पायरीचा तर प्रश्नच नाही. दोन वर्षं ती फाटकाच्या पुढे गेली नव्हती. एकदा मी विचारलं होतं, गाडी आली तर कुठे जायचं. ती म्हणाली, कुठेच नाही, नुसतं पुढच्या सीटवर बसून जायचं. चालवायला शेजारचे शिंत्रे तयार होते. मी जुन्या गाड्यांच्या एका साइटवर शोधत बसलो आणि मला ही जाहिरात दिसली. पांढरी गाडी, एका कोऱ्या भिंतीपुढे उभी. खाली लिहिलं होतं, सिंगल हँड, घरगुती वापर. मी आयुष्यभर एका छापखान्यात पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली. त्या चार शब्दांत मला एकही चूक सापडली नाही आणि मला विश्वास वाटला.

संध्याकाळी शिंत्रे आले. भिंतीकडे बघून म्हणाले, "खिडकी बुजवलीत? बरं केलंत. धूळ फार यायची."

"बुजवली नाही," मी म्हणालो. "ठेवली गेली."

"ते राहू दे. गाडीचं ऐका." त्यांनी खुर्ची ओढली. "माझा साडू असाच बुडाला. ऑनलाइन. म्हणून तीन गोष्टी सांगतो, कानात ठेवा. आधी एक छदाम द्यायचा नाही. टोकन नाही, वाहतूक खर्च नाही, काही नाही. दुसरं, प्रत्यक्ष जाऊन गाडी बघायची. तिसरं, आत बसून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. बसल्यावर कळतं. आणि ओटीपी तर बायकोलासुद्धा सांगायचा नाही."

"मला काय करायचाय त्यांचा ओटीपी," सिंधू आतून म्हणाली. "त्याची भाजी होते का?"

"वहिनी, हसताय खऱ्या. गोड बोलून घेतात हे लोक."

"मग यांना काय भीती. हे कडू बोलणाऱ्यालाही थँक्यू म्हणतात."

शिंत्र्यांना दाखवायला मी जाहिरात उघडली. गाडी तशीच उभी होती. मागच्या भिंतीत मात्र आता खिडकी होती. तिला आमचाच पडदा होता, सिंधूनं जुन्या साडीचा शिवलेला, कडेला कोयऱ्या असलेला.

शिंत्र्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "खिडकी छान आहे," ते म्हणाले. "तुमची होती तशीच."

दुसऱ्या दिवशी मी नलावड्यांना फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, तरी सुरुवात करायला जड गेलं.

"नलावडे, आमची एक खिडकी बहुतेक चुकून आपल्याकडे आली आहे."

"आली आहे ना, काका. सुखरूप आहे." त्यांचा आवाज तरुण आणि अदबशीर होता. "तुम्ही ठेवा म्हणालात म्हणून ठेवली."

"मी फोनबद्दल म्हणालो होतो."

"असं होय. मला कसं कळणार, काका? मी विचारलं, तुम्ही हो म्हणालात. जबरदस्ती तर केली नाही?"

नव्हती केली. ते मला मान्य करावं लागलं.

"ती परत मिळेल का?"

"मिळेल की. गाडी घ्या, गाडीबरोबर सगळं येईल. ते मी वेगळं विकत नाही. आधी येऊन बघून जा. पैशाचं मी बोलतोय का?"

"नाही."

"मी पैसे आधी घेतच नाही. लोक फार फसवतात हल्ली. बरं काका, ठेवू का?"

आता मी सावध होतो. जिकडे बघेन ते जाईल, हे माझ्या लक्षात आलं होतं. समोर पुस्तकांचं कपाट होतं, त्याच्यापलीकडे स्वयंपाकघराचं दार, दारात सिंधूचा पदर. नाही म्हणायचा मी विचार केला. पण ठेवू नका म्हणणं म्हणजे अजून बोलत राहा म्हणणं, आणि मला बोलण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पलीकडे माणूस ताटकळत होता. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि म्हणालो, "ठेवा."

डोळे मिटलेलेच होते, पण मला कपाट दिसू लागलं. मग दार, मग सिंधू. मी पापण्यांवर बोटं दाबली तरी सगळं तसंच दिसत राहिलं. पापण्यांच्या आतला अंधार त्यांनी ठेवला होता. जाहिरातीत गाडीच्या मागच्या काचा काळ्या झाल्या होत्या.

"आता झोपणार कसे?" सिंधूनं विचारलं.

"बघत झोपेन."

"गाडी बघून या म्हणजे संपेल एकदाचं," ती म्हणाली. "शिंत्रे भाऊजींनी सांगितलंय तसं सगळं करा. आपण आपल्या बाजूनं चुकायचं नाही."

नलावड्यांनी पाठवलेला पत्ता जकात नाक्याच्या पुढचा होता. नाका केव्हाच गेला, पण कंडक्टर अजून तेच नाव घेतो. मी उतरलो आणि कारखान्यांच्या कंपाउंडांमधून चालत गेलो. रस्त्याच्या टोकाला ती भिंत होती. भिंतीपुढे मोकळी जमीन होती, तिच्यावर गाडी नव्हती.

खिडकी होती. मी तिच्याजवळ गेलो. पडदा अर्धा सरकलेला होता आणि आत आमची बैठकीची खोली होती. सिंधू खुर्चीवर बसून गुडघ्यांना तेल लावत होती. मी काचेवर बोटानं टकटक केलं. तिनं पटकन साडी खाली ओढली.

"कोण आहे?"

"मी आहे, सिंधू."

"कुठून बोलताय?"

"बाहेरून. खिडकीतून."

तिनं भिंतीकडे बघितलं. तिला मी दिसत नव्हतो, तिच्या बाजूनं ती नुसती भिंत होती. "गाडी कशी आहे?" तिनं विचारलं.

"गाडी इथे नाहीये."

ती तेल लावायची थांबली. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"बघितलीत का, काका?"

"नलावडे, इथे गाडी नाही."

"फोटोत बघा ना."

मी फोन कानावरून काढून फोटो बघितला. गाडी उभी होती. तिच्या शेजारी मी उभा होतो, मोबाइलमध्ये मान घालून. फोटोत माझा सदरा इस्त्रीचा दिसत होता, प्रत्यक्षात तो चुरगळलेला होता. मी हात लांब केला. माझ्या हाताला हवा लागली. फोटोत माझा हात बॉनेटवर टेकला.

"लागली का हाताला?" नलावड्यांनी विचारलं.

"फोटोत लागली."

"मग बघून झाली. आता उगाच नाही बघितली म्हणू नका. रंग ओरिजिनल आहे, कुठे ठोकलेली नाही. तुम्हाला काही शंका आहे का?"

मला शंका स्वतःबद्दलच होती. कदाचित गाड्या आता अशाच बघत असतील. मी गेल्या कित्येक वर्षांत एकही वस्तू विकत घ्यायला गेलो नव्हतो, पुस्तकं सोडून.

"शंका नाही," मी म्हणालो.

"बरं मग, ठेवू का?"

खिडकीकडे बघायचं नव्हतं, तिच्यात सिंधू होती. स्वतःच्या पायांकडेही बघायचं नव्हतं. मी वळून मागे बघितलं आणि म्हणालो, "ठेवा."

मागे रस्ता होता. तो गेला. ज्या जागी तो होता तिथे दोन्ही बाजूंची कंपाउंडं एकमेकांना येऊन भिडली, मधे पोस्टकार्ड सरकवण्याइतकीही फट राहिली नाही.

मी खिडकीतून घरात शिरलो. या वयात खिडकी चढणं जमत नाही. मी अर्धा आत आणि अर्धा बाहेर लोंबकळत होतो. सिंधू तिच्या त्या गुडघ्यांवर उभी राहिली आणि भिंतीतून बाहेर आलेले माझे हात धरून तिनं मला ओढलं. मी जमिनीवर पडलो. मागे भिंत पुन्हा सपाट झाली होती.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"गाडी?"

"पांढरी आहे."

त्यानंतर आमच्या फाटकाबाहेरही रस्ता नव्हता. फाटक उघडलं की हाताच्या अंतरावर शिंत्र्यांच्या घराची मागची भिंत लागत होती. शिंत्रे त्यांच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून आमच्याशी बोलत. दूध, भाजी तिथूनच खाली सोडत. "माझ्या साडूपेक्षा तुम्ही बरे," ते म्हणायचे. "तुम्ही पैसे तरी दिले नाहीत."

सिंधू आता घरातही डोक्यावरून पदर घेऊन बसत असे. भाजी निवडताना मधेच थांबून भिंतीकडे बघायची.

"लोक येतात गाडी बघायला," एकदा ती म्हणाली. "खिडकीतून आत बघतात. परवा एका बाईनं आपल्या भांड्यांना नावं ठेवली."

"तुला ऐकू आलं?"

"कळतं मला. बाईला कळतं."

मी शब्दकोश काढून ठेवणे हे क्रियापद बघितलं. अर्थ पानभर होते. राहू देणे, सांभाळणे, बाजूला करणे, तारण घेणे. प्रत्येक अर्थापुढे एक वाक्य दिलं होतं आणि प्रत्येक वाक्य बरोबर होतं. फोन ठेवणे मात्र नव्हतं. कोश जुना होता.

मी नलावड्यांना फोन करायचं बंद केलं. मग त्यांनीच केला.

"काका, गाडीचं काय ठरवलंत? दुसरी गिऱ्हाइकं बघून जातायत. खिडकी फार आवडते लोकांना. आत माणसं वावरताना दिसतात, त्यामुळे घरगुती वाटतं."

"मी आत बसून बघितलेलं नाही," मी म्हणालो. शिंत्र्यांची तिसरी गोष्ट तेवढी माझ्यापाशी शिल्लक होती. "बसून बघितल्याशिवाय घ्यायची नाही असं आमचं ठरलंय."

"मग बसून बघा."

"रस्ता तुमच्याकडे आहे."

"खरंच की," नलावडे म्हणाले. "बघा, काहीतरी सुचतं का. मी घाई करत नाही. ठेवू का?"

या वेळेची मी तयारी केली होती. "कट करा," मी म्हणालो.

ते म्हणाले, "काका, असं तोडून का बोलताय? माझं काही चुकलं का?"

माझे कान तापले. "तसं नाही," मी म्हणालो. "तसं नव्हतं म्हणायचं."

"मग नीट सांगा ना. ठेवू का?"

मी फोन हातानं झाकला. सिंधू खुर्चीतून उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. तिनं ठेवणीतली निळी साडी नेसली होती, केसांना तेल-पाणी केलं होतं आणि पायात चपला घातल्या होत्या. तिनं हे कधी केलं ते मला कळलं नव्हतं.

"माझ्याकडे बघा," ती म्हणाली, "आणि म्हणा."

"वेडी आहेस का?"

"कुणीतरी बसून बघायला नको का? मी बसते, तुम्हाला सांगते कशी आहे ते. चांगली असली तर घ्या, म्हणजे मी तिच्यातूनच घरी येते. खिडकी येईल, रस्ता येईल, तुमची झोप येईल. इथून दुसरं कोण जाणार? शिंत्रे भाऊजी झरोक्यातून मावतायत होय?"

"आणि फसवलं तर?"

"तुम्हाला फसवतील. मी कुठे त्यांच्याशी बोललेय?" मग ती हळू म्हणाली, "अहो, तिकडे रस्ता आहे. इथे काय आहे? तुम्ही आणि तुमची पुस्तकं."

मी डोळे मिटले, तरी ती दिसतच राहिली. मी मान छताकडे केली. तिनं माझी हनुवटी धरली, जशी भांग पाडताना लहान मुलाची धरतात, आणि मान खाली आणली. तिच्या कपाळावरची टिकली जरा उजवीकडे कललेली होती. ते तिला सांगावं असं मला वाटलं. फोनमध्ये नलावडे घसा साफ करत होते.

"ठेवा," मी म्हणालो.

माझ्या हनुवटीवर तेलाचा ओला ठसा राहिला. मी जाहिरात उघडली. ती पुढच्या सीटवर बसली होती, ताठ, मांडीवर हात ठेवून. पट्टाही तिनं लावला होता. फोटो काढून घेताना माणसं बसतात तशीच ती बसली होती, पण समोर बघत होती, माझ्याकडे नाही. मी बोटांनी फोटो मोठा केला. मोठा केला की ती पुसट व्हायची, म्हणून पुन्हा लहान केला.

शिंत्र्यांनी झरोक्यातून विचारलं, "वहिनी कुठायत? भाकरी द्यायची होती."

"गाडीत बसून बघतायत."

"उत्तम," शिंत्रे म्हणाले. "बसल्यावर कळतं." भाकरी दोरीनं खाली आली. एकच होती.

मी लगेच नलावड्यांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, तेव्हा एक बाई सांगू लागली की ते दुसऱ्या कॉलवर आहेत. तसं दुपारपर्यंत चाललं. मी मोबाइल टेबलावर आडवा ठेवून, जाहिरात उघडी ठेवून तिच्याकडे बघत बसलो. बघायचं थांबवणं मला आता शक्यच नव्हतं. एकदा तिनं काच खाली केली. एकदा पदरानं कपाळ पुसलं, आणि टिकली सरळ झाली.

मग फोन वाजला. फोटोवरची नजर हलू नये म्हणून मी स्पीकर लावला.

"काका, मिस्ड कॉल बघितले तुमचे. अहो, केवढे केलेत."

"नलावडे, मी गाडी घेतो."

"घेता?" ते म्हणाले. "अरेरे. आधी नाही का सांगायचं?"

"आत्ता सांगतोय. घेतो. म्हणाल ते देतो."

"तसं नाही हो. एक गृहस्थ आलेत. त्यांनी गाडी बघितली, बसूनही बघितलं. मागच्या सीटवर बसले. पुढे कोण आहेत विचारलं. मी म्हटलं, गाडीबरोबरच्या आहेत. त्यांना काही अडचण नाही म्हणाले."

"ती माझी बायको आहे."

"हो ना. तेच सांगितलं त्यांना, एका हातात वापरलेलं आहे सगळं."

फोनमधून दार लावल्याचा आवाज आला, मग किल्लीचा. त्यामागून मला सिंधूचा आवाज ऐकू आला. ती जवळच असावी, किंवा काच खाली असावी.

"अहो," ती म्हणत होती, "ऐकताय का? सीट छान आहे. गुडघे मोकळे राहतात. पुढचं सगळं दिसतं. घ्या तुम्ही. अहो, हे कोण बसलेत? शिंत्रे भाऊजींना पाठवलंत का?"

इंजीन सुरू झालं. फोटोत गाडी किंचित थरथरली.

"बरं काका," नलावडे म्हणाले, "त्यांना घाई आहे. काय करू मग? ठेवू का?"

आता काय करायचं ते मला स्पष्ट माहीत होतं, तिला तिथेच ठेवायला सांगायचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला माझ्या कुठल्या शब्दाबद्दल शंका वाटली नाही. मी फोटोत तिच्याकडे नीट बघितलं, फक्त तिच्याकडे, तिच्या निळ्या साडीकडे, मांडीवरच्या हातांकडे, आणि मी ओरडलो, "ठेवा."

त्यांनी फोन ठेवला.

या वेळी त्यांनी फक्त फोनच ठेवला. मी खोलीभर बघितलं, कुठलीच वस्तू गेलेली नव्हती. मी पुन्हा फोटो बघितला. भिंत होती, भिंतीपुढे मोकळी जमीन होती. जिथे गाडीचं पुढचं दार असायचं, तिथे सिंधूच्या चपला होत्या. नव्या गाडीत पाय ठेवताना ती त्या काढणारच. तिनं त्या जोडीनं ठेवल्या होत्या, तोंडं बाहेरच्या बाजूला करून, उतरल्यावर पाय घालायला सोपं जावं म्हणून. भिंतीच्या सावलीत एक कुत्रा झोपला होता. मी बघत असताना तो उठला, आळस देऊन पुढे आला, त्यानं दोन्ही चपला हुंगल्या, त्यातली एक तोंडात धरली आणि फोटोच्या उजव्या कडेनं बाहेर निघून गेला.